मर्व्हकडचा मंगळवार

ग्लेन हॅलोरनचं पोट त्याच्या नोकरीनं वाढवलं होतं, आणि हे तो कुणालाही छातीठोकपणे सांगायचा. मेंढ्यांची औषधं आणि कानातले बिल्ले विकत तेवीस वर्षं तो ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोपासून पार डेनिलिक्विनपलीकडच्या मैदानांपर्यंत गाडी हाकत होता. सकाळी बेकरीतला खिमा भरून भाजलेला 'मीट पाय', दहा वाजता कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जॅम आणि साय लावलेले स्कोन नावाचे गोडसर पाव, दुपारी पबमध्ये ताटाबाहेर लोंबणारं चीज घातलेलं चिकन. नाही म्हणावं तर बाई रुसते, आणि बाई रुसली की नवरा बिल्ले दुसऱ्याकडून घेतो. संध्याकाळचं तर विचारूच नका. टेबलावर चौघे बसले तर प्रत्येकानं आपल्या पाळीला चौघांनाही पाजायची, म्हणजे तहान असो नसो, चार ग्लास झालेच. आपली पाळी यायच्या आत उठून गेलेल्या माणसाला त्या मुलखात वीस वर्षांनीसुद्धा कुणी माफ करत नाही.

शेवटी चोपन्नाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट त्याच्यापुढे सरकवला. यकृत पार चरबीनं भरलंय, असंच चाललं तर दहा वर्षंही काढणार नाहीस, आता एक थेंबसुद्धा नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. बायकोनं, रोझलिननं, त्याला न विचारताच डेल्सफर्डच्या डोंगरातल्या एका शुद्धिकेंद्रात सात दिवसांसाठी त्याचं नाव घातलं.

ग्लेनला भीती उपासाची नव्हती, मर्व्हची होती. मर्व्ह टकवेल म्हणजे अकरा हजार मेंढ्यांचा मालक, एकाहत्तर वर्षांचा विधुर, आणि ग्लेनचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारी त्याच्याकडे मेंढीची भाजलेली तंगडी आणि बियर ठरलेली. तिसरा ग्लास पोटात गेला की गाडी चालवायची सोय नाही, कारण हमरस्त्यावर पोलीस दारू तपासायला फुंकायचं यंत्र घेऊन उभेच. मग ग्लेन घराला लागूनच असलेल्या, लोकर कातरणाऱ्यांच्या खोलीत मुक्काम ठोकायचा आणि मर्व्ह सकाळच्या चहाबरोबर ऑर्डर सांगायचा. यावरून ग्लेननं आपल्या मनाशी पक्कं केलं होतं, की ऑर्डर येते ती बियरमुळे. न पिणाऱ्याकडून हा म्हातारा साधी सुईसुद्धा घ्यायचा नाही. मर्व्ह गेला की नोकरी गेली, आणि या वयात दुसरी कोण देणार?

म्हणून त्यानं फोनवर थाप मारली, की या आठवड्यात मासे धरायला कॅर्न्सला चाललोय. मर्व्ह म्हणाला बरंच झालं, मीही पर्थला लेकीकडे निघालोय.

केंद्रातल्या सास्किया नावाच्या बाईनं आल्या आल्या त्याचा फोन काढून घेतला आणि पांढरा झगा दिला. सकाळी कोमट लिंबूपाणी, मग नुकतंच गवत कापल्यासारखा वास येणारा हिरवा रस, दुपारी भाज्यांचं पाणी, संध्याकाळी पुन्हा तोच हिरवा रस. बाई इतकी हळू बोलायची की माणसाला आपणच काही पाप केलंय असं वाटावं. तिसऱ्या दिवशी डोकं असं ठणकायला लागलं की एका मीट पायसाठी ग्लेनला अक्षरशः रडू आलं. बिचाऱ्याला हसू नका, एकदा करून बघा.

त्याच दुपारी नवीन माणसं आली. त्यातला एक म्हातारा झगा सावरत ग्लेनच्या समोर येऊन बसला. कपाळ अर्धं रापलेलं, अर्धं दुधासारखं पांढरं. ग्लेननं मर्व्हला बारा वर्षांत कधी टोपीशिवाय पाहिलंच नव्हतं, त्यामुळे ओळख पटली ती कानांवरून.

"मासे गावले का?" मर्व्हनं विचारलं.

"लेक बरी आहे ना?" ग्लेन म्हणाला.

जेवताना बोलायचं नाही असा तिथला नियम होता. दोघांनाही त्या नियमाचं फार बरं वाटलं.

जेवण म्हणजे ते पाणी संपल्यावर दोघं बाहेर निलगिरीखालच्या बाकावर जाऊन बसले. मर्व्हनं सांगितलं, की साखर वाढलीय, पायाची बोटं बधिर झालीत, लेकीनंच इथं धाडलं. मग तो आपली बोटं चोळायला लागला.

"आणि खरं सांगू? मला बियर कधी आवडलीच नाही."

ग्लेनचा पारा चढला. उपाशी माणसाचा राग तो.

"मग पाजत का होतास, म्हाताऱ्या? माझं यकृत गेलं तुझ्यापायी!"

मर्व्हनं झग्याची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"माझी आयलीन होती तोवर तू चार वाजले की निघायचास, आठवतं? सहा वर्षांपूर्वी ती गेली, त्या महिन्यात तू आलास. दोन ग्लास झाले, मी तिसरा ओतला. तू म्हणालास, आता कसली गाडी चालवतोय, राहतो. सकाळी उठलो तर घरात कुणीतरी खोकत होतं." त्यानं नाक पुसलं. "फार बरं वाटलं, लेका. म्हणून तिसरा ओतत राहिलो."

"आणि ऑर्डर सकाळीच का?"

"रात्री दिली असती तर तू उजाडायच्या आत पळाला असतास."

ग्लेनला आधी हसू आलं. सहा वर्षं हा माणूस आपली वाट बघत होता आणि आपण त्याच्या मेंढ्या मोजत होतो, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ऑर्डरसाठीच पीत होतो, असं त्यानं कसंबसं कबूल केलं. मर्व्ह म्हणाला, ठाऊक होतं. तेवढ्यात पावणेपाचच्या हिरव्या रसाची घंटा झाली आणि दोघं झगे सावरत आत गेले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ग्लेन गेला. तंगडी होती पण लहान, बाजूला भाजलेला भोपळा, आणि मध्ये लिंबूपाण्याचा जग. दोघांनी तोंडं वाकडी करत तो संपवला. या वेळी मर्व्हनं औषधांची आणि बिल्ल्यांची ऑर्डर जेवतानाच सांगून टाकली, गेल्या खेपेपेक्षा मोठीच.

चार वाजले. मर्व्ह उठला आणि उगाच आवाज करत ताटं गोळा करायला लागला.

"नीघ आता," तो पाठमोरा म्हणाला. "अंधार पडला की कांगारू आडवे येतात."

ग्लेन उठला. डोकं लख्ख होतं, पाय स्थिर होते, गाडी दारात उभी होती. त्यानं खिशातून किल्ली काढली आणि दाराजवळच्या खिळ्यावर, मर्व्हच्या टोपीशेजारी अडकवली.

"सकाळच्या चहाला दूध आहे का घरात?" त्यानं विचारलं.

मर्व्हनं नळ सोडला. तेच एक ताट तो कितीतरी वेळ धूत राहिला.

"आहे," तो म्हणाला. "दोन बाटल्या आणून ठेवल्यात."