भित्रं इंजिन आणि तुटलेला स्टड

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारसायकलचं इंजिन आहे आणि खरं सांगायचं तर फार भित्रा आहे. माझा दणदणीत आवाज ऐकून लोक वळून बघतात, पण आवाज मोठा म्हणून काळीज मोठं असतं असं नाही. परवा तर माझ्या जिवावरच बेतलं होतं.

माझं डोकं, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमच्या रसातून ओतलेलं आहे. धूर बाहेर नेणारा सायलेन्सर घट्ट धरायला त्यात दोन लोखंडी स्टड बसवले होते. स्टड म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट. त्याचं एक टोक माझ्या अंगात रुतलेलं असतं आणि दुसऱ्यावर नट चढतो. असतो बोटाएवढा, पण तो रुसला की सगळा कारभार अडतो.

माझे पहिले मालक वैरागचे एक धान्याचे व्यापारी. बाजारात माझा आवाज आला की माणसं आपणहून वाट सोडायची. मी फुशारून जायचो. मग त्यांनी नवी गाडी घेतली आणि मी गोणपाटाखाली गेलो. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. गावात भंगारवाल्याची हाक आली, की मी गोणपाटाखाली आणखी अंग चोरायचो.

तिथून मला सोडवलं कुंभारीच्या बिरप्पानं. तो मेंढ्या पाळतो. लहानपणीच्या तापानं त्याचा डावा पाय अधू झालाय. पंजा खाली दाबता येतो, वर उचलता येत नाही. हल्लीच्या गाड्यांचा गिअर डाव्या पायानं उचलावा लागतो, म्हणून कितीतरी गाड्यांवर बसून तो हिरमुसून उतरला होता. माझा गिअर जुन्या पद्धतीचा, उजव्या पायाला. त्यानं तो खट्कन टाकला आणि लहान मुलासारखा हसला.

"नागव्वा, हीच आपली गाडी!" तो बायकोला म्हणाला.

तेव्हापासून दूरच्या माळावर कळपामागं जायला मीच त्याचा पाय झालो. तो माझे लाडही फार करायचा. दर अमावास्येला मला धुवायचा, हळदकुंकू लावायचा, चाकापुढं नारळ फोडायचा आणि नारळाचं पाणी माझ्या तापलेल्या अंगावर ओतायचा. चर्र आवाज व्हायचा. मला वाटायचं, एवढं कौतुक कुणाच्या नशिबी असतं!

गेल्या आठवड्यात सायलेन्सरच्या तोंडाशी धूर गळायला लागला. बिरप्पानं घरीच पान्याला लांब पाईप लावला आणि नट आवळायला घेतला. आवळ, अजून आवळ. मला ओरडता येत नव्हतं. टक् असा आवाज आला आणि स्टड माझ्या अंगाच्या काठाशीच मोडला. निम्मा आत राहिला.

टेम्पोत घालून बिरप्पा आणि नागव्वानं मला सोलापुरात आणलं, अक्कलकोट रोडवरच्या धर्मपाल मिस्त्रीच्या गॅरेजात. तिथं समोरच्या भिंतीवर एक हेड टांगलेलं होतं, आडवंतिडवं फाटलेलं.

"ह्येला काय झालं?" नागव्वानं विचारलं.

"घाईनं ड्रिल मारलं होतं, वैनी. वाकडं गेलं. मीच मारलं होतं." धर्मपालनं ते लपवलं नाही. "म्हणून समोर टांगलंय. ह्या गाडीचं हेड तर आता कुटंच मिळत न्हाय. फाटलं तर गाडी भंगारात."

"आन् मग मेंढरं?" नागव्वा पुटपुटली. माझ्यात तेल होतं म्हणून, नाहीतर घशाला कोरड पडली असती.

धर्मपालनं वाकून गंज खरवडला, कडेला चिकटलेलं हळदकुंकू बघितलं. "बिरप्पा, नारळाचं पाणी कुटं वततासा?"

"गाडीवरच की. दर अवसेला. देवाचं पाणी हाय ते."

"व्हय. पण लोखंडाला कुटं कळतंय? तापल्या नटावर त्ये पाणी पडून पडून आटं गंजून बसल्यात."

बिरप्पाचा चेहरा एवढासा झाला. मीही चरकलो. ज्याला मी लाड समजत होतो, तेच मला आतून खात होतं!

मग ड्रिल सुरू झालं. आधी काळपट कीस पडला, तो स्टडच्या लोखंडाचा. मी जीव मुठीत धरून बसलो. इतक्यात एक पांढरा, चकचकीत कीस पडला. तो माझ्या अंगाचा होता! ड्रिल वाकडं चाललं होतं. आता मी भिंतीवर जाणार, असं मला वाटलं.

धर्मपालनं तोही कीस पाहिला आणि ड्रिल तिथंच थांबवलं. "न्हाय. हे न्हाय चालायचं."

त्यानं मोडक्या स्टडवर एक नट ठेवला आणि दोन्ही वेल्डिंगनं जोडले. पान्यानं फिरवताच नट निखळून पडला. दुसरा नट जोडला. तो निवू दिला, कडेनं पातळ तेल सोडलं.

"बिरप्पा, गाडी धरा. अजिबात हलू देऊ नका."

बिरप्पानं माझ्या पोटाशी हात घट्ट लावला. पाना थोडा पुढं गेला, थोडा मागं आला. पुन्हा तेल. कर्रर्र असा आवाज आला आणि मला वाटलं, मोडला! पण तो मोडण्याचा नव्हता, सुटण्याचा होता. पुढं, मागं, पुढं, मागं करत तो गंजका तुकडा हळूहळू वर आला आणि धर्मपालच्या हातात पडला. माझे आटे शाबूत होते.

बिरप्पा गॅरेजच्या फरशीवर मटकन खाली बसला आणि रडायला लागला.

"अवं, निघाला की! आता का रडतासा?" नागव्वा म्हणाली.

"मला वाटलं, आता उंबऱ्यात बसून दुसऱ्यांची मेंढरं जाताना बघायची," तो म्हणाला.

मित्रांनो, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मघापासून मी थरथरतोय असं मला वाटत होतं, पण थरथरत होता तो माझ्या पोटावरचा त्याचा हात.

नवा स्टड बसला. मी पहिल्याच किकला बोललो. निघताना धर्मपाल म्हणाला, "दुसरा स्टड बी तसलाच गंजलाय. आज त्येला हात लावत न्हाय, सवडीनं काढू. तवर पाना लावू नका." बिरप्पानं मान डोलावली. पण तो दुसरा अजून माझ्या अंगात आहे आणि माळाच्या चढाला रोज माझं काळीज लकलकतं.

म्हणून तुम्हाला विनवतो, ज्याच्यावर जीव लावता, त्याला काय सोसतं ते जाणत्या माणसाला आधी विचारा. आम्हाला दुखलं तर सांगता येत नाही. आम्ही एकदम तुटतो आणि आमच्या जिवावर चालणारं माणूस रस्त्यातच राहतं.