शेरीफला अटक करणारा माणूस

आमच्या काउंटीत शेरीफवर, म्हणजे जिल्ह्याच्या निवडून आलेल्या पोलीसप्रमुखावर, वॉरंट निघालं, तर ते बजावायचा अधिकार एकट्या कोरोनरला आहे. म्हणजे मला. एरवी मी लोकांच्या अंत्यविधीची सोय करतो. मरणाबद्दल शंका असली की कोरोनर म्हणून कारण ठरवून सही करतो.

शनिवारी सकाळी शेरीफ व्हर्जिल टॅकेट माझ्या मागच्या दाराने आला. आत टेबलावर रेनिटा कूम्ब्स होती, चोवीस वर्षांची, त्याच्याच तुरुंगात मेलेली. दुकानातल्या किरकोळ चोरीत पकडलेली ही मधुमेहाची पोर गुरुवारपासून इन्सुलिन मागत होती.

"ऑर्विल, हृदय बंद पडलं एवढंच लिही," व्हर्जिल म्हणाला. "खोटं थोडंच आहे? सगळ्यांचं बंद पडतंच."

"इन्सुलिन का दिलं नाही?"

"पहाऱ्यावरच्या पोरांनी मला फोन केला होता. मी म्हणालो, नाटकं करतेय, सोमवारी बघू." तो खुर्चीत बसला. "मीच म्हणालो रे."

या माणसाला मी तीस वर्षं ओळखतो. शहराचा पोलीस चीफ असताना त्याने महापौराच्या दारुड्या पुतण्याला गाडी चालवताना धरलं. महापौराच्या ताटाखालचं मांजर झाला असता, तर नोकरी टिकली असती. कौन्सिलने त्याला एका बैठकीत घरी बसवलं. आम्ही चिडून त्याला शेरीफच्या निवडणुकीला उभं केलं, अंगणाअंगणात त्याच्या नावाच्या पाट्या रोवल्या. जिंकल्यावर तो म्हणाला, आता मला लोकांनी निवडलंय, काढून दाखवा. आम्ही मूर्खासारख्या टाळ्या पिटल्या. त्यानंतर कुणी त्याला काही विचारलंच नाही, मीही नाही.

"तू खरं लिहिलंस तर जज वॉरंट काढणार," तो म्हणाला. "मग तूच येशील ना बेड्या घालायला? पोलिसाचं तुरुंगात काय होतं ते तुला माहीत आहे. पाया पडतो तुझ्या." त्याने माझी बाही धरली. मला त्याची दया येत होती आणि त्या दयेची लाजही वाटत होती.

तेवढ्यात पुढच्या दाराची घंटा वाजली. रेनिटाची आई विल्मा आली होती. मी तिला पुढच्या खोलीत बसवलं.

"बाहेर व्हर्जिलची गाडी दिसली. बरं झालं," ती म्हणाली. "तुरुंगातल्या लोकांनी माझ्या लेकीचं काय केलं, ते तो शोधून काढेल. महापौराची भीड ठेवली नाही त्याने, या पोरांची कशाला ठेवेल? मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही रे."

मी आत आलो. व्हर्जिलने सगळं ऐकलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी कागद ओढला आणि लिहिलं: इन्सुलिन न दिल्यामुळे मृत्यू, मागूनही दिलं नाही. खाली सही केली. 

"ऑर्विल," बाहेरून विल्माने विचारलं, "त्याला माझ्याकडे पाठवतोस ना?"

मी दार उघडून धरलं आणि त्याला पाठवलं.