बिभीषणच्या कादंबरीचा निकाल

महालिंगप्पा सरांनी आयुष्यभर पुस्तकं झोडपली. धाराशिवात पुस्तकाचं प्रकाशन म्हणजे शाल, नारळ आणि खोटं बोलायची शर्यत. तिथं हा एकटा माणूस माइक धरून "रचना ढिसाळ आहे" म्हणायचा आणि जेवायला न थांबता आपल्या गावाची, तेरची बस धरायचा. लोक मागं शिव्या द्यायचे, पण भ्यायचे. समीक्षेच्या नावाखाली ओवाळणाऱ्यांच्या गर्दीत सर कुणाच्या पाकिटाला शिवत नव्हते.

आज त्यांच्या ओसरीवर जिल्ह्यातल्याच वाशीचा बिभीषण बसला होता. शेती करत लिहिणारा. याआधीच्या त्याच्या कादंबऱ्या सरांनी नको म्हटल्या आणि त्यानं मुकाट बंबात घातल्या. नव्या कादंबरीचं बाड दोघांच्या मधे पडलं होतं.

"सर, छापू, का हीबी बंबात? तुमी म्हणताल तसं."

सरांच्या सगळ्या मापांनी कादंबरी वाईट होती. नायक निम्म्यात गायब. पुढं एक म्हैस या बाजारातून त्या बाजारात फिरते, गिऱ्हाईक येतं, परत जातं. का, ते लेखक सांगतच नाही. असल्या लिखाणाची त्यांनी जन्मभर सालटी काढली होती. पण हेच बाड स्टँडवर वाचताना बस समोरून निघून गेली आणि त्यांना पत्ता नाही. लाल पेनाचं टोपणसुद्धा काढलं नव्हतं. वाईट पुस्तक असं करतं का? की मापंच खोटी? आणि मापं खोटी, तर आजवर बंबात गेलं ते काय होतं?

"नायक कुठं गेला?" त्यांनी दरडावलं.

"मलाबी न्हाय घावला."

"असं चालत नाही."

"मग बंबात?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग छापू?"

"तसंही म्हटलं नाही."

सरांची बायको इरम्मा चहा घेऊन आली. "एक काय ते सांगा की. लेकीला बघायला आलेल्यांना तर चहा निवायच्या आत नापास करत हुता."

"मला कळत नाही," सर म्हणाले.

इरम्मा हातातला कप द्यायचं विसरली. सर चेष्टा करतायत का, ते बिभीषण बघत राहिला. मग त्यानं बाड बगलेत मारलं.

"कुठं निघालास?"

"छापखान्यात. मागच्यावानी तुमाला कळली असती तर घातली असती बंबात."

हा मान की अपमान, सरांना ठरवता येईना. ते दारापर्यंत मागं गेले.

"प्रकाशनाला मला बोलावशील?"

"बोलवतो की. पण सर, काय बोलताल?"

"या वेळी जेवायला थांबेन," सर म्हणाले.