शेवटचं मंगलाष्टक

मुंजाजीनं माईक मॅडमच्या हातात दिला अन् दात आवळून सांगितलं,

"मॅडम, सरळ गा. एकच मंगलाष्टक राहिलंय."

राजेश्री मॅडम वीस वरसं मुंबईत अन् परदेशात जॅझ गायल्या. त्यांच्या गाण्यात शब्द नसायचेच. श्वास, किंकाळी, घशातली घरघर, मधीच गप्प. तिकडं लोक तिकीट काढून ऐकायचे. आई आजारी पडली म्हणून त्या सोनपेठला आल्या अन् मुंजाजीच्या खताच्या दुकानामागच्या खोलीत क्लास काढला. पोरं पेटी शिकायला म्हणून आली अन् आठवड्यात पळाली. उरली एकटी मुंजाजीची पुतणी, प्रियंका. तीबी तोंडावर ओढणी धरून पुटपुटायची. आज तिचंच लगीन. मुंजाजीनं बजावलं होतं, गाणं लोकांना पटलं तर क्लास राहील, न्हाईतर उद्या खोलीत युरिया.

मामांनी अंतरपाट धरलेला. लोकांच्या मुठीत अक्षदा. बँडवाला आश्रुबा काठी उगारून 'सावधान'ची वाट बघायलाय. तो शब्द पडला की ढोल बडवायचा, एवढंच त्याला ठाऊक.

पहिल्या तीन ओळी मॅडम शहाण्यासारख्या गायल्या. मुंजाजी जरा सैल झाला. मग 'शुभमंगल' आलं अन् मॅडमचे डोळे मिटले.

"साऽऽव..."

सूर वर गेला अन् तिथंच लटकला. खाली आला तो पार घोगरा होऊन. मांडवावरची कबुतरं उडाली. अर्ध्या लोकांनी घाईत अक्षदा फेकल्या, बाकीच्यांनी त्यांना झापलं, मग फेकणारे वाकून वाकून त्या परत वेचायला लागले. आश्रुबाची काठी दोनदा खाली येता येता थांबली. मामांचे हात भरून आलेत, भटजी घड्याळ दाखवायलेत, मॅडमला काही पत्ता न्हाई.

अन् मग मॅडम गप्पच झाल्या. सगळा मांडव गप्प. आचाऱ्याचा झारासुदिक थांबला. मुंजाजी माईक हिसकायला निघाला.

तेवढ्यात अंतरपाटामागून आवाज उठला. मॅडमनी सोडला होता तिथूनच, घोगरा, मग छातीतून वर वर, मुंडावळ्या हलवत.

"...धाऽऽऽन!"

आश्रुबानं ढोल फुटेस्तोवर बडवला. नवरदेव अंतरपाट हटायच्या आधीच वाकून बघायलाय, ही कोण म्हणून.

पंगतीत नवरदेवाची आजी पारूबाई मॅडमच्या शेजारी येऊन बसली.

"पोरीला हे तुमी शिकवलं?"

मॅडमनी खाली बघत मान हलवली.

"बरं केलं. आमच्या घरात कुणी कुणाचं ऐकत न्हाई. हिचं ऐकतील."

दुसऱ्या दिवशी युरियाचा टेम्पो आला. मुंजाजीनं पोती दुकानाच्या पायरीवरच उतरवून घेतली. गिऱ्हाईकाला आत यायला वाट राहिली न्हाई. हमाल कुरकुरला, तर त्याच्यावर खेकसला.

मग मागच्या खोलीत गेला. मॅडम सतरंजीवर एकट्याच बसल्या होत्या. मुंजाजीनं बाहेर कुणी बघत तर न्हाई ना ते पाह्यलं, दार लोटलं, त्यांच्यासमोर मांडी घालून बसला अन् खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरून पुटपुटला, "साऽऽव..."