चुळबुळ्यांसाठी कापड

बाबांना एका जागी स्वस्थ बसता येत नसे. सारी नोकरी बंदरावर क्रेन चालवण्यात गेली होती. एक हात या दांड्यावर, दुसरा त्या दांड्यावर, मान सतत मागे-पुढे. निवृत्त होऊन ते मुलाकडे राहायला आले तेव्हा क्रेन बंदरावरच राहिली, चुळबूळ मात्र सामानाबरोबर आली. वर्ष व्हायच्या आत बाहेरच्या खोलीतल्या सोफ्याचा एक कोपरा पार विरला.  सूनबाईने फक्त त्या कोपऱ्यावर एक उशी ठेवली. बाबांना ती उशी बरोबर कळली. त्या दिवसापासून ते जिन्याच्या पायरीवर बसू लागले.

सूनबाईला राग बाबांचा नव्हता, कापडाचा होता. घराच्या खालच्या मजल्यावर तिचा आणि नवऱ्याचा कापड विणायचा लहानसा कारखाना होता. नवरा माग सांभाळायचा, ती नक्षी काढायची. पडदे, गाद्यांच्या खोळी, सोफ्यांची कापडं. विरलेला सोफा तिच्याच कापडाने मढवलेला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अशात एक दिवस लाँचमालकीण आली. खाडीच्या या तीरावरून त्या तीराला माणसं नेणाऱ्या तीन लाँच तिच्या होत्या, आणि आवाज भोंग्यासारखा.

“बाकांना रेक्झिन लावलं तर लोक घसरतात हो,” ती म्हणाली. “लाँचने वळण घेतलं की या टोकाचा माणूस त्या टोकाला. परवा एक वकीलसाहेब थेट एका बाईंच्या मांडीवर जाऊन बसले. त्यांच्या नवऱ्याने जी उलटतपासणी घेतली म्हणता!”

“मग साधं कापड का नाही लावत?”

“लावलं होतं. एका मोसमात चिंध्या. मला असं काहीतरी द्या, जे माणसाला धरून ठेवेल आणि स्वतः टिकेल. असा नवरा मिळत नाही हे मला माहीत आहे, निदान कापड तरी मिळू दे.”

सूनबाईच्या डोक्यात चक्र सुरू झालं. दोन थरांचं कापड करायचं. वरचा आणि खालचा थर एकाच मागावर एकाच वेळी विणायचा, आणि ठरावीक जागी दोन्ही एकमेकांत गुंतवायचे. खालचा धागा गरम पाण्यात आटणारा घ्यायचा, वरचा न आटणारा. कापड पाण्यातून काढलं की खालचा थर आखडतो, वरच्याला जागा पुरेनाशी होते, आणि गुंतवलेल्या जागा सोडून बाकीचं कापड फुगून वर येतं. उंचवटे तयार. ओल्या कपड्यांचा माणूससुद्धा त्यावर घसरणार नाही.

पहिला नमुना फार देखणा झाला. तळहाताएवढे चौकोन, एकेक इवल्या उशीसारखा. कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या घासायच्या यंत्रानेही त्याला पास केलं. नवरा खूश. “झालं की काम!” तो म्हणाला आणि नमुना त्याने माग-खोलीच्या दाराशी असलेल्या बाकावर ताणून ठोकला.

बाबा रोज दुपारी मागांची खडखड ऐकायला खाली यायचे. त्यांना तो आवाज आवडायचा. वरच्या मजल्यावरची शांतता त्यांना खायला उठायची. ते त्या बाकावर बसू लागले. महिनाभरात प्रत्येक उशीचं टोक टक्कल पडल्यासारखं गुळगुळीत झालं, आणि मधल्या दोन उशांतून धागे बाहेर डोकावू लागले.

सूनबाईने ते पाहिलं आणि ती मटकन खाली बसली. बाबा दारातच उभे होते.

“मी आपला पायरीवरच बरा,” ते पुटपुटले. “माझ्या बुडाला शाप आहे बघ.”

ते वर निघून गेले. तिला एकदम चोरट्यासारखं झालं. सोफ्यावरच्या त्या उशीची आठवण आली, आणि तोंडातून शब्दही न काढता आपण एका म्हाताऱ्या माणसाला घरात कुठे नेऊन बसवलं, हे लख्ख दिसलं. पण ती कापडाचीच माणूस. वाईट वाटत असतानाही तिचा हात त्या विरलेल्या उंचवट्यांवरून फिरत होता. झीज सरळ नव्हती, गोल होती. यंत्र सरळ घासतं. बाबा गोल घासत होते.

ती जिन्यात गेली.

“बाबा, खाली चला. बसा.”

“कशाला? उरलंसुरलंही फाडायला?”

“हो, फाडायलाच. लाँचमध्ये काय यंत्रं बसणार आहेत? तुमच्यासारखीच माणसं बसणार. तुम्ही कसे बसता ते मला बघायचंय.”

“बसण्यात काय बघायचं? वाकलं की झालं.”

“तुमचं बसणं म्हणजे वाकलं की झालं असं नाही ना! म्हणून तर म्हणते.”

बाबांना हसू आलं. ते खाली आले आणि ऐटीत बसले, फोटो काढायला बसतात तसे. पाच मिनिटं ताठ. मग नेहमीचं सुरू झालं. डाव्या कुल्ल्यावर भार, मग उजव्या. मागच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा. उठायचं झालं की सरळ न उठता आधी अंग अर्धं वळवायचं, मग हात टेकून उठायचं. क्रेनच्या अरुंद केबिनमधून बाहेर पडायची ती सवय होती. सूनबाई जमिनीवर मांडी घालून बघत राहिली.

मोठ्या उंचवट्यांचा दोष तिच्या लक्षात आला. सगळा भार चार-पाच टोकांवर येत होता, आणि प्रत्येक टोक आतून पोकळ होतं. तिने नक्षी मोडली. आता उंचवटे बोटाच्या पेराएवढे, बुटके, दाट, एका ओळीतला दुसऱ्या ओळीच्या फटीत बसेल असे. दोन थरांच्या मधे जाड धाग्याची भर, म्हणजे टोक दबलं तरी परत वर येईल. वरच्या धाग्याला चांगला घट्ट पीळ. आणि दोन थर गुंतवायच्या जागा दुप्पट.

“माग रडेल माझा,” नवरा म्हणाला.

“रडू दे. बायको हसेल.”

माग रडला, दोनदा धागे तुटले, एकदा नवराच रडकुंडीला आला. पण कापड उतरलं. आणि ते उतरलं त्याच सकाळी लाँचमालकीण न सांगता येऊन टपकली. गरम पाणी अजून दाखवायचं होतं. कापड मागावरून आलं तसंच होतं, सपाट.

“ही तर चादर!” ती भोंग्याच्या आवाजात म्हणाली. “इतके दिवस थांबून मला चादर?”

“जरा थांबा, अजून पाण्यातून—”

“धुऊन चादरीचं काय होणार? स्वच्छ चादर!” तिने पर्स उचलली.

नवरा गोंधळून नुसता हात हलवत राहिला. तेवढ्यात बाबा पुढे झाले आणि दारात आडवे उभे राहिले. क्रेनचा अवजड माल डोक्यावरून जाताना खालच्या माणसांना ज्या आवाजात थांबवायचे, तोच आवाज त्यांनी लावला. “बाई, थांबा! जागच्या हलू नका!”

बाई चक्क थांबली.

कारखान्यातला हौद तापायला वेळ लागला असता. म्हणून सूनबाईने एक तुकडा कापला आणि सगळे वर स्वयंपाकघरात गेले. मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, तुकडा आत गेला, बाबा लाकडी पळीने ढवळू लागले. लाँचमालकीण कमरेवर हात ठेवून उभी. थोडा वेळ काहीच झालं नाही.  मग कापडाची कड आक्रसली. मधे एक ओळ उठली, तिच्या शेजारी दुसरी. बघता बघता सगळा तुकडा मटाराच्या भरल्या शेंगांसारखा टचटचीत झाला.

“अगं बाई!” लाँचमालकीण पातेल्यात वाकली. वाफेने तिचा चष्मा धुरकटला, तरी मागे हटेना. “हे तर फुगतंय!”

“चादर फुगते का हो?” बाबांनी पळी वर धरून विचारलं.

कापड एका लाँचवर चढलं तेव्हा पहिल्या फेरीला घरातले तिघेही गेले. बाबा चार जागा बदलून बसले, वळले, उठले, पुन्हा बसले. शेजारचा प्रवासी विचारू लागला, “काका, बरं नाही का वाटत?” “ड्यूटीवर आहे,” बाबा म्हणाले. खाडीच्या मध्यावर त्यांनी सूनबाईचा हात धरून बंदराकडे बोट केलं. “ती उंच निळी दिसते? ती माझी.” इतक्या वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं. मग लाँच वळून त्या तीराला लागेपर्यंत ती विचारत राहिली आणि ते सांगत राहिले.

मोसम सरला तरी कापडाला काही झालं नाही. लाँचमालकिणीने उरलेल्या दोन लाँचसाठीही मागणी नोंदवली, आणि तिच्या तोंडून ऐकून एका नाट्यगृहाचा व्यवस्थापक आला. त्याला खुर्च्यांसाठी हवं होतं, पण रंग गडद आणि नक्षी वेगळी. सूनबाई नवे नमुने काढायला बसली, तेव्हा बाबा गंभीर चेहरा करून आले.

“हे बघ, नाटकाला सगळ्या आकाराची माणसं येतात. माझ्या एकट्याच्या बुडावर विसंबून चालणार नाही.”

दुसऱ्या दिवशी ते बागेतले दोन मित्र घेऊन आले. एक निवृत्त पोस्टमन, हाडकुळा, पाय हलवत राहणारा. दुसरा शिंपी, अंगाने भरभक्कम, बसला की बाक कुरकुरायचा. तिघे नव्या नमुन्यांवर ओळीने बसले आणि गप्पांना असा रंग चढला, की मागांची खडखडही ऐकू येईना.

“अगं, यांना जरा हळू बोलायला सांग,” नवरा कानावर हात ठेवून म्हणाला. “धागा तुटल्याचाही आवाज कळत नाही मला.”

सूनबाईने दारातून पाहिलं. पोस्टमन काहीतरी सांगत होता, शिंपी डोळे पुसेपर्यंत हसत होता, आणि बाबा हसता हसता एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर.

“अजिबात नाही,” ती म्हणाली. “काम चाललंय त्यांचं.” आणि ती चहा टाकायला वर गेली.