शोकेसमध्ये न मावणारं खेळणं

"शेठ, याच्यापेक्षा मोठं दाखवा."

"बेबी कितनी बडी है?"

"दोन वर्षांची होईल दिवाळीत."

"तो ये ट्रेन लो ना. बॅटरीवाली. सीटी भी मारती है."

"ट्रेन नको. ती शोकेसमध्ये मावते."

उल्हासनगरच्या त्या सिंधी शेठने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी सकाळी सकाळीच टाकून आलोय. बघू दे. मला त्या शोकेसचं माप पाठ आहे. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर आहे, नजरेने माप घेतो. खरवईला माझ्या सासऱ्यांच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी ते उभं आहे. सरकत्या काचा, खाली कुलूप, चावी सासूच्या कमरेला. आणि त्या काचेमागे माझ्या मुलीची, ऋतुजाची, सगळी खेळणी. मीच आणलेली. त्यातलं एकही तिने आजवर हातात घेतलेलं नाही.

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्हीही त्या शेठसारखे बघाल.

माझी बायको शलाका होळीच्या सुमारास मुलीला घेऊन माहेरी गेली, ती आलीच नाही. कशावरून ते विचारू नका. तिलाही तोंड आहे, मलाही आहे. शेवटी दोन्हीकडची चार माणसं बसली. ठरलं काय, तर मी दर रविवारी जायचं आणि मुलीला भेटायचं. मी म्हटलं, भेटायचं म्हणजे काय? मी बाप आहे, घरी घेऊन जाणार. तर सासरे, हिंदुराव, शांतपणे म्हणाले, "जावईबापू, पोर तुमच्याकडं येत नाय. हात पुढं केला की आजीच्या मागं लपते. ती आपणहून तुमच्याकडं आली, की खुशाल न्या दिवसभर. मी आडवा येणार नाय."

बस, एवढंच. तिने माझ्याकडे यायला पाहिजे. बाकी दुनिया गेली खड्ड्यात.

मग मी दुसरं काय करणार? खेळणी न्यायला लागलो. पहिल्यांदा ढोल वाजवणारं माकड नेलं. सासूने, राजामामींनी, ते माझ्या हातातून घेतलं, "अगं बाई, किती गोड!" म्हणाल्या, एकदा चावी दिली. माकडाने ढोल बडवला. ऋतुजा दोन्ही हात पसरून धावली. लगेच मामींचं बोट वर: "अं हं! हात नाय लावायचा. बाबांनी दिलंय. मोडेल." माकड परत प्लास्टिकमध्ये गेलं, काच सरकली, कुलूप लागलं. त्याच्या पुढच्या रविवारी बाहुली, मग रंगीत रिंगा, मग टुणटुण वाजणारा पियानो. सगळं वरच्या प्लास्टिकसकट आत. पोरगी काचेला नाक लावून माकडाकडे बघत बसायची आणि मी सोफ्यावर चहाचा कप घेऊन तिच्या पाठीकडे बघत बसायचो. बसायचो कसला! पाय एका जागी ठरायचा नाही. उठून दारात जायचो, परत यायचो, पुन्हा दारात. शलाका मी आलो की आतल्या खोलीत जायची आणि मी गेल्यावरच बाहेर यायची म्हणे.

शेजारच्या मशीनवरचा महेंद्र मला म्हणाला, "अरे, रोज तेच रडगाणं काय लावलंयस? शोकेसमध्ये मावणारच नाही असं काहीतरी घे ना!" दोन पोरांचा बाप आहे तो, आणि तेव्हा मला त्याचं एकदम पटलं.

म्हणून मी त्या दुकानात उभा होतो. शेठ वैतागून माळ्यावर चढला आणि धूळ झटकत एक लाकडी घोडा खाली घेऊन आला. डुलणारा. लाल खोगीर, खऱ्या दोऱ्याची शेपटी.

मी त्याला उलटा केला. खिळे कुठे वर आलेत का बघितलं. सगळ्या अंगावरून तळहात फिरवला, कुठे लाकडाचं कुसळ लागतं का ते पाहिलं. नखाने रंग खरवडला, नाही निघाला. जमिनीवर ठेवून पुढून ढकलला, मागून ढकलला, बाजूने लाथ घातली. पडला नाही.

"क्या कर रहे हो, भाई? घोडा है, चोर नहीं."

"किती वर्षं चालेल?"

"पाँच साल तक आरामसे बैठेगी, साईं. फिर इसका भाई बैठेगा."

"भावाचं राहू द्या. तुम्ही घोड्याचं बोला."

आत काहीतरी चरकलं ते त्याला काय कळणार! पण घोडा मला आवडला, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांची आहे तोवर नुसती डुलेल. तीनची झाली की त्याला गवत चारेल, चारची झाली की दामटवत गावाला जाईल. मोठी झाली तरी बूड टेकून अभ्यास करेल त्याच्यावर.

त्याला माझ्या एम-एटी स्कूटरच्या मागच्या सीटवर दोरीने आवळला आणि निघालो. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत लोक वळून वळून बघत होते. सिग्नलला रिक्षावाले हसत होते. खरवईत शिरलो तर शेजारच्या गयाबाई ओट्यावरून ओरडल्या, "अगं राजे, बघ गं! लोकांचे जावाय घोड्यावर बसून येतात, तुझा घोड्याला बसवून आला!"

सगळी आळी हसली. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो.

हॉलमध्ये घोडा ठेवला. मामींनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा शोकेसकडे. ऋतुजा मात्र डोळे एवढे मोठे करून बघत होती. जवळ आली नाही, पण लपलीही नाही. मला वाटलं, जमलं! आज नाही तर पुढच्या रविवारी. मी उगाच घाई केली नाही. तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. कामावर चुकीचा पाना उचलत होतो, जेवताना डबा उघडून नुसता बसत होतो. महेंद्र म्हणाला, "बायको आणताना एवढा नाचला नव्हतास."

रविवारी गेलो. बघतो तर काय, घोड्याला कव्हर!

जुन्या साडीचं, मापात शिवलेलं. कानांना वेगळे खिसे, पोटाखाली नाडी, नाडीला गाठ. फक्त शेपटी तेवढी बाहेर.

माझं डोकं सटकलं. "मामी, हे काय आहे? पोरीसाठी आणलंय की तुमच्या हॉलसाठी? काय शेण खाल्लं मी म्हणून हा छळ लावलाय?"

हिंदुराव उठून उभे राहिले. मामींनी त्यांना हातानेच बसवलं. माझ्यावर चिडल्या नाहीत. पदराला हात पुसत म्हणाल्या, "ओरडू नका, पोर घाबरते. माझी थोरली, चांगुणा, तुम्हाला माहीत आहे. तिचा नवरा पण असाच यायचा, रविवारचा. आधी दर रविवारी, मग सणावाराला, मग बंदच. तिचा पोरगा आता मोठा झालाय. मला विचारतो, आजी, माझ्या बापाने मला काय दिलं होतं? एक भिंगरी होती, ती पोरानं तेव्हाच मोडली. दाखवायला काय नाय घरात. सांगा, मी काय उत्तर देऊ त्याला?"

"मी बंद होणार नाही, मामी."

"तो पण हेच म्हणायचा," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. खरंच तसं झालं होतं म्हणून सांगत होत्या.

इतके महिने ज्या बाईला मी मनातल्या मनात शिव्या घालत होतो, ती माझ्या पोरीसाठी बाप साठवून ठेवत होती.

मी खाली बसलो. घोड्याच्या पोटाखालची गाठ सोडली आणि कव्हर काढलं. "ऋतू, ये. बस घोड्यावर."

ती आली. अगदी जवळ आली. हात वर केला, कानाला लागेल लागेल इतका नेला, आणि तिथेच थांबली. मग तिने स्वतःचंच बोट उभं केलं आणि स्वतःलाच दटावलं, "अं हं. नाय. बाबा."

दोन्ही हात पाठीमागे घेतले.

मी माझा हात पुढे केला. म्हटलं, घोडा राहू दे, माझा तरी धर. तिने माझ्या हाताकडे बघितलं. पुन्हा बोट उभं केलं. "अं हं. नाय. बाबा."

रडू कोसळलं मला. सासऱ्यांसमोर, भर हॉलमध्ये. लाज वाटली नाही. माझी पोरगी मला घाबरून लपत नव्हती. मला हात लावायचा नसतो, हे ती शहाण्या मुलीसारखं पाळत होती.

"बघितलंत, मामी? मी उद्या मेलो तरी चालेल, पण आज तिला मला हात लावू द्या."

मामींनी तोंडाला पदर लावला होता. त्यांनी कमरेची चावी सोडली. कुलूप उघडलं, काच सरकवली, पहिलं हाताला लागलं ते माकड काढलं, वरचं प्लास्टिक फाडलं आणि ऋतुजाच्या हातात दिलं. "घे गं बाय. खेळ."

पोरीने आधी आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माकड गच्च धरलं. उलटं केलं, आपटलं, ओढलं. कडकन आवाज झाला आणि माकडाचा एक हात ढोलकाठीसकट तिच्या मुठीत आला.

ती गारठली. माकड हातातून सुटलं. तुटलेला हात पाठीमागे लपवून माझ्याकडे बघत राहिली, आता हा काय करतो म्हणून.

मी माकड उचललं आणि दुसरा हात कडकन मोडला.

ती बघतच राहिली. मग हसली, अशी खिदळली की आतल्या खोलीतून शलाका दारात येऊन उभी राहिली. ऋतुजा दुडूदुडू शोकेसकडे गेली, आतून पियानो ओढून काढला, तो फरफटत माझ्यापर्यंत आणला आणि माझ्या मांडीत येऊन बसली, मोडायला.