हँडलावरची भागू

भंगारवाला ओट्याशी येऊन थांबला आणि रखमाजीनं गोठ्यामागची सायकल ओढत आणली. तेवढ्यात सरूबाई पिठाच्या हातानंच घरातून धावत आली आणि तिनं सायकलचं हँडल धरलं.

"ही द्यायची न्हाई."

निमगाव सावा गावातल्या त्या घरात सून म्हणून आल्यापासून नवऱ्याच्या हातातली वस्तू तिनं कधी धरली नव्हती. रखमाजीच्या तोंडाचा पट्टा एरवीही सकाळी चहाच्या आधी सुरू व्हायचा. त्यानं सायकल सोडली. मग म्हणाला, "तुझ्या बापाचं मढं हाय ते. बस पूजत."

सायकल तिच्या बापानं, सोमाजीनं, लग्नात जावयाला दिलेली. माणूस आंबेगावकडचा, साधा, लिहिता-वाचता न येणारा. जुन्नरच्या बाजारातून त्यानं कोरी सायकल घेतली आणि तशीच ढकलत भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे नेली. लेकीबरोबर जाणाऱ्या हंड्या-कळशीवर नाव घालतात, मग सायकलीवर नको? नाव घालणाऱ्यानं दोनदा विचारलं, "पावणं, खरंच घालू?" पावणं हटले नाहीत. त्यानं चकचकीत हँडलावर ठोकून ठोकून ठिपक्यांत नाव उठवलं : भागू.

लग्नाच्या मांडवात लोक पोट धरून हसले. सोमाजीही त्यांच्याबरोबर हसला, कारण आपलं काय चुकलं हे त्याला कळलंच नव्हतं. चुकलं होतं ते पावसाळ्यात दिसलं. ठोकल्यानं हँडलाचा मुलामा फुटला होता, त्यात पाणी शिरलं आणि गंज नेमका तिथूनच धरला. पुढं सगळी सायकल गंजली ती रखमाजीनं ती वर्षानुवर्षं उघड्यावर टाकली म्हणून. पण दोष कायम सासऱ्याचा. "सायकल दिली ती भोसकून दिली," हे वाक्य त्यानं पाव्हण्यारावळ्यांत इतक्यांदा ऐकवलं की सोमाजीनं लेकीच्या घरी येणं कमी केलं, मग बंदच केलं.

आता भागू कोण, ते सांगायला हवं. भागू म्हणजे सरूबाईच. सासरी एक भागू आधीच होती, रखमाजीची चुलती. एका घरात दोन भागू कशाला, म्हणून लग्नातच नाव बदललं. रखमाजीनं ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'सरू' असं लिहिलं, बायकांनी वाकून पाहिलं आणि काम संपलं. भागू दुसरीपर्यंत शाळेत गेली होती, तिला स्वतःचं नाव लिहिता यायचं. सरूबाई लिहायला तिला कुणी शिकवलं नाही. त्यामुळं सोसायटीत, बँकेत, जिथं तिथं ती अंगठा उठवायची. भागू म्हणून हाक मारणारे आईबाप गेले, भाऊ गेला. माहेरचं गाव डिंभ्याच्या धरणात गेलं. नाव घातलेली भांडी सासूनं मोडीत देऊन स्टील घेतलं. राहिलं ते एवढं हँडल.

सायकल ओट्यावर घेऊन ती भाद्रपदात घासायला बसली. चेन रॉकेलमध्ये भिजत घातली. चाकांच्या रिमा विटकरीच्या भुकटीनं आणि काथ्यानं घासल्या. आरे एकेक करून फडक्यानं पुसले. हँडलाला चिंचेचा कोळ चोळला, रात्रभर ठेवला, सकाळी धुतला, पुन्हा चोळला. बोटं लाल झाली, नखांत गंज बसला. रखमाजी येता-जाता म्हणायचा, "जत्रंला निघालीस काय सायकलवर?" ती घासत राहायची. काही दिवसांनी ठिपके दिसायला लागले. आधी काना, मग ग, मग सगळं नाव. तिनं त्यावरून बोट फिरवलं. ओट्यावर कुणी नव्हतं म्हणून बरं, कारण पन्नाशीची बाई लहान पोरीसारखी रडत होती. सुखानं रडत होती.

दसऱ्याआधी मुलगा ऋषी चाकणहून आला, बायकोला, वृषालीला, घेऊन. कंपनीत नोकरी, बोलण्यात इंग्रजी शब्द, पण पोरगा मायाळू. आईची बोटं पाहून कळवळला.

"आई, हे काय करून घेतलंस? मी जुन्नरला देतो. रंग, सीट, टायर, हँडलाला नवं पॉलिश, एकदम शोरूम! खंडेनवमीला पूजा आपल्या सायकलीची."

"रंग दे. हँडल ऱ्हाऊ दी, ते मी केलंय."

"अगं, हँडलच तर सगळ्यात खराब हाय."

सांगावं असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण वृषाली समोर उभी होती, रखमाजी खाटेवर मिशीत हसत होता, आणि सुनेसमोर 'माझं नाव आहे रे त्यावर' असं म्हणायची तिला लाज वाटली. त्या लाजेला काय म्हणावं! ऋषीनं सायकल टेम्पोत टाकली.

खंडेनवमीच्या सकाळी सायकल परत आली. काळीभोर, आरशासारखी. गल्ली गोळा झाली. सरूबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली आणि आधी हँडलाकडे गेली. हँडल गुळगुळीत होतं. तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला. काहीच लागलं नाही.

"इकडं बघ की," ऋषीनं चेनकव्हर दाखवलं. त्यावर पिवळ्या रंगात ठळक लिहिलं होतं : सरूबाई. "तुझं नाव टाकलंय!"

बायकांनी कौतुकानं माना डोलावल्या. सरूबाईला ते अक्षर अक्षर लावून वाचावं लागलं.

"हँडलावर एक नाव व्हतं," ती म्हणाली.

"व्हय, भागू का कायतरी. सायकलवाला म्हणला, ठेवू का घासू? मला वाटलं आजोबांनी जुनी घेतली असंल, आधीच्या मालकाचं नाव असंल, लोक चोरीची म्हणायचे. म्हणून घरी फोन केला. अण्णा म्हणले, भागू चुलती कवाच गेली, आता आपल्यात कोण भागू न्हाई, घासून टाक."

"भागू मीच," सरूबाई म्हणाली. "लग्नाआधीचं नाव माझं."

ऋषीचा चेहरा उतरला. "आई... मला कधी सांगितलंच न्हाईस तू."

"तू इचारलं न्हाईस." मग तिनं ऋषीच्या अण्णांकडे, रखमाजीकडे पाहिलं. "पण ह्यांना ठावं व्हतं."

तिला वाटलं, आता तो हसेल, बापाचा उद्धार करेल, आणि आज चार लोकांत ती त्याला सोडणार नव्हती. इतक्या वर्षांचं सगळं ती आज बोलून टाकणार होती.

रखमाजी गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर चेष्टा नव्हती, राग नव्हता.

"तुझं नाव भागू व्हतं?" त्यानं विचारलं. "कवा?"

तो खोटं बोलत नव्हता. हे तिला कळलं. सासऱ्यानं हँडल ठोकून घेतलं हे त्याला आठवत होतं, त्यावरचं नाव नाही. बोलायचं ठरवलेलं सगळं तसंच राहिलं. वृषालीनं हळूच म्हटलं, "आई, पूजा करायची ना?" सरूबाईनं चेनकव्हरला कुंकू लावलं.